रांगेतली शेवटची

संजना दारवटकर कुठल्याही रांगेत शेवटी उभी असायची. प्रार्थनेच्या रांगेत, खिचडीच्या रांगेत, एसटीत चढताना, सगळीकडं. तिला कुणी मागं ढकलायचं नाही, तीच आपणहून मागं जायची. उंचीप्रमाणं लावून मी तिला मध्ये उभी केली, तरी प्रार्थना संपेपर्यंत बया परत शेवटी. वर्गातही शेवटचा बाक, भिंतीला पाठ टेकवून. आठवीत ती आमच्या शाळेत आली तेव्हा मला वाटलं, आळशी दिसतेय. मागं बसून डुलक्या काढायच्या असतील.

मी वेल्ह्याला शाळेत मराठी शिकवते. राहते भोरला, उत्रोलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. रोज भोरहून नसरापूर आणि नसरापूरहून वेल्हे असा दोन एसट्यांचा खेळ. आणि मी भित्री आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण संजनालाही सगळी शाळा भित्री म्हणायची आणि भित्रेपणातलं मला चांगलं कळतं असा माझा समज होता. मी पालीला भिते, वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या ड्रायव्हरला भिते, मुख्याध्यापकांना भिते. आमचे हे म्हणतात, घरी मात्र ही कुणाच्या बापाला भीत नाही. ते जाऊ दे.

तर संजनाची दुसरी खोड म्हणजे मान. चार पावलं चालली की तिची मान वळायची, एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या. पाटी-दप्तर घेऊन वर्गात येताना, हापशावर पाणी भरताना, अगदी फळ्यावर गणित सोडवतानासुद्धा खडू थांबायचा आणि मान मागं जायची. माझ्यासारख्या बाईला तर हे बघूनच धडधडायला लागायचं. समोरचा माणूस सारखा तुमच्या पाठीमागं बघत असेल तर तुम्हालाही बघावंसं वाटतंच की नाही?

एकदा मी वैतागून तिला विचारलं, "अगं, मागं काय ठेवलंय तुझं?"

"काय न्हाई, बाई."

"मग बघतेस काय सारखं?"

"काय न्हाई ना, त्येच बगते."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. तिनं तेवढ्यात एकदा मागं बघून घेतलं.

फुटबॉल आमच्या शाळेत आला तो वरून आदेश आला म्हणून. वेल्हे-भोरच्या स्पर्धेत मुलींचा संघ उतरवायचा, असं ठरलं. आमचे खेळाचे शिक्षक जगदाळे सर म्हणजे कबड्डीतला माणूस. मांडीवर थाप मारल्याशिवाय त्यांना विचारच करता येत नाही. फुटबॉलचे नियम ते रात्री मोबाईलवर बघायचे आणि सकाळी मुलींना शिकवायचे. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका पाहिजेच. एका मॅडमचं बाळ लहान, दुसरीचे गुडघे दुखायचे, उरले मी. माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि मी फुटबॉलची व्यवस्थापक झाले. शिट्टी जोरात वाजली की मीच दचकायचे.

कुणाला कुठं खेळायचंय असं सरांनी पहिल्या दिवशी विचारलं. संजनानं हात वर केला. "सर, सगळ्यात शेवटी कोन आसतं?"

"गोलकीपर."

"मंग मला त्ये करा."

पण गोलकीपर आधीच ठरली होती, नववीतली एक ताडमाड पोरगी, आंब्याला उडी मारून कैऱ्या काढणारी. सर म्हणाले, "तू मधी खेळ. मिडफिल्ड. हिकडचा बॉल तिकडं द्यायचा, पोस्टमनसारखा. सोपं काम आहे."

संजनाचा चेहरा उतरला. "मधी नको, सर. मागं मानसं ऱ्हात्यात."

"अगं, ती आपलीच असतात."

"व्हय. म्हनूनच."

म्हणूनच काय, हे सरांना कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. सरांनी मांडीवर थाप मारली आणि संजना मिडफिल्डर झाली.

आता मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण भोरच्या मैदानावर आंबवड्याच्या पोरींशी सामना झाला, तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, मैदानाचं भातखाचर झालेलं. बाकीच्या पोरी धपाधप पडत होत्या. संजना चिखलणीत वाढलेली, तिचा पाय घसरायचं नावच घेईना. आणि ती मान. बॉल लांब कुठंतरी असायचा आणि ही उजवीकडं बघ, डावीकडं बघ, परत उजवीकडं. बॉल पायाशी आला की मान खाली न घालता, बरोबर जिथं आपली पोरगी मोकळी उभी आहे तिथं पोचता करायची. मागून कुणी धावून आली तर ती यायच्या आधीच ही बाजूला झालेली असायची. प्रेक्षकांतला एक म्हातारा म्हणाला, "हिच्या पाठीला डोळं हायेत." लोक टाळ्या वाजवत होते. मी मात्र तिच्या तोंडाकडं बघत होते. ती खेळत नव्हती, घाबरलेली होती. बाजारात लेकरू हरवलेल्या बाईचा चेहरा असतो ना, तसा चेहरा करून ती पूर्ण सामना खेळली.

पुण्याहून थोरात मॅडम म्हणून एक बाई पंच म्हणून आल्या होत्या. स्वतः पूर्वी खेळलेल्या, आता मुलींना शिकवणाऱ्या. सामना संपल्यावर त्या सरळ आमच्याकडं आल्या. "ती मधली मुलगी. तिला मान फिरवायला कुणी शिकवलं? बॉल यायच्या आधी मागं बघा, मागं बघा, असं सांगून पुण्यात माझा घसा बसतो, आणि तरी मुली बघत नाहीत."

जगदाळे सरांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्याकडं बेसिकवर भर असतो, मॅडम."

मला एकदम खोकला आला.

थोरात मॅडमनी तिला जिल्ह्याच्या संघात घ्यायचं ठरवलं, आणि घरच्यांची परवानगी काढायला मी निघाले. संजना दोन दिवस शाळेत आली नव्हती, आईला ताप आहे असा निरोप होता. तिची वाडी वेल्ह्याच्या वर, एसटीच्या फाट्यापासून चांगलीच चढण. भाद्रपद चालू होता. दुपार कलली होती आणि धुकं खाली उतरलं होतं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कारवी माझ्या डोक्याच्या वर गेलेली. हात लांब केला तर हाताची बोटं दिसत होती, त्यापलीकडं काही नाही. कुठंतरी पाणी वाहत होतं. मी मनात रामरक्षा म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीनंतर पुढचं आठवेना. वर्गात पोरांचं पाठांतर घेणारी मी!

शेवटी एका घराचा पत्रा दिसला. वाडीतलं अगदी शेवटचं घर, त्यामागं रानच. छपरातून धूर निघत होता, आत दोन बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. जीव भांड्यात पडला. मी वाटेवरूनच हाक मारली, "संजना."

बोलणं थांबलं. दाराची फळी हलली आणि लागली.

मी तिथंच उभी. आत माणसं आहेत, त्यांनी ऐकलंय, आणि कुणी बोलत नाही. मागून कारवीत काहीतरी सरसरलं. वारा असेल, पण त्या क्षणी वाऱ्यावर माझा अजिबात विश्वास नव्हता. मी पुन्हा हाक मारली. तो माझा आवाज मला ओळखू आला नाही.

तेव्हा दार उघडलं. संजनाची आई, सुरेखाताई, अंगावर गोधडी आणि हातात विळा. "आगं बया, बाई व्हय. या, या."

"पहिली हाक ऐकू नाही आली का?"

"आली की."

"मग ओ का नाही दिली?"

"पैल्या हाकंला ओ द्यायची न्हाई, बाई. रानातनं येनारी पैली हाक कुनाची आसंल, कुनी बगितलंय? ज्याला खरंच काम आसतंय, त्यो परत मारतो."

मी ज्या अवस्थेत होते त्यात मला हे पूर्णपणे पटलं. त्यांनी कोरा गुळाचा चहा दिला. संजना शेरडांना पाला घालायला बाहेर गेली, तेव्हा मी सहज म्हटलं, "तुमची मुलगी फार मागं बघते हो."

सुरेखाताईंनी चुलीत लाकूड आत सारलं. मग सांगायला लागल्या. नवरा पुण्यात मार्केटात हमाली करतो, घरी या दोघीच. संजना पाचवीत असतानाची गोष्ट. दोघी नाचणीच्या रानातून गवत घेऊन येत होत्या. संजना पुढं, आई मागं, आणि सगळ्यात मागं कुत्रा, मोत्या.

"उजेड हुता, बाई. दिस मावळलाबी नव्हता. आमी बोलत चाललो हुतो. घरी आलो, भारा टाकला, बगतो तर मोत्या न्हाई. म्हनलं यील मागनं. आला न्हाई. परत बगाय गेलो तर वळनावर नुसतं गवात घसाटलेलं. भुकला न्हाई, केकाटला न्हाई. दोन पावलांवरनं नेला त्याला जनावरानं आन् आमाला पत्त्या न्हाई."

त्या घरात बिबट्या हा शब्द कुणी उच्चारत नाही. जनावर म्हणायचं. नाव घेतलं की येतं म्हणतात. मीही तेव्हापासून घेत नाही, आता इथं लिहितानासुद्धा हात अडखळला.

"ल्हान हुती, पन तिनं बराबर वळीखलं," सुरेखाताई म्हणाल्या. "म्हनली, आये, मोत्या नसता तर शेवटी तू हुतीस. तवापास्नं मला फुडं घालती. कुटंबी जाऊ दे, शेवटी तीच."

चहाचा कप माझ्या हातात थंड झाला. आठवीपासून मी त्या पोरीला रांगेत ओढून मध्ये उभी करत होते. ती स्वतःसाठी भीत नव्हतीच. रांगेत शेवटचा कोण, हे तिला ठरवायचं होतं. आणि जगदाळे सरांनी तिला नेमकं मधे उभं केलं होतं, मागं पाच-सहा पोरी सोडून. सारखं बघणार नाही तर काय करेल?

मला फाट्यापर्यंत सोडायला तीच आली, अर्थात माझ्या मागून. तिच्या चपलांचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, परत यायचा. थांबला की माझं काळीज थांबायचं. मी न वळता विचारलं, "तुला भीती नाही वाटत शेवटी चालायची?"

"वाटती की. फुडं चालले तर जास्त वाटती."

"मग आता मला सोडून एकटी परत कशी जाणार?"

"एकटी आसले की मागं बगतच न्हाई, बाई. पळते. मागं कोन नसतंच ना."

असं म्हणून ती पळालीसुद्धा. धुक्यात दिसेनाशी झाली. मी एसटी येईपर्यंत फाट्याच्या दगडाला पाठ लावून उभी राहिले.

जिल्ह्याच्या संघात ती दोन वर्षं खेळली. थोरात मॅडम तिच्यावर खूश होत्या आणि तिच्यावर चिडायच्याही. सामना जिंकल्यावर बाकीच्या पोरी नाचायच्या, ही एक एक करून सगळ्या आल्या का ते बघत बसायची. पुण्यात जेवायला नेलं तर हॉटेलात दाराकडं तोंड करून बसायची. लिफ्टमध्ये सगळ्यात शेवटी शिरायची आणि एकदा तिच्याच नाकासमोर दार बंद झालं, तर चार मजले जिन्यानं धावत येऊन आमच्या आधी वर. जगदाळे सर म्हणाले, "स्टॅमिना बघा." त्यांना प्रत्येक गोष्टीत स्टॅमिना दिसतो.

अकरावीत असताना मोठी ट्रायल आली. परराज्यात राहून शिकायचं, खेळायचं, पुढं परदेश दौरा. निवड झाली तर पोरीचं आयुष्य मार्गी लागणार, नाही झाली तर बारावी आणि मग वाडी. पुण्याच्या मैदानावर थंडीतली संध्याकाळ. संजना फार सुंदर खेळली. थोरात मॅडमचा पाय हलत होता. दिवस मावळला होता, दिवे अजून लागले नव्हते, सगळं करडं करडं झालं होतं. तेव्हा आमच्या बाजूच्या रेषेवरून मुख्य निवडकर्त्यांनी तिला हाक मारली. त्यांना तिला दुसऱ्या जागी खेळवून बघायचं होतं.

"संजना!"

तिला ऐकू आलं. मी बघितलं, तिचे खांदे आवळले गेले. पण ती वळली नाही. तिन्हीसांजेची, मागून आलेली, अनोळखी आवाजातली पहिली हाक. ती कशी वळेल? पुढं बघूनच खेळत राहिली. त्या गृहस्थांनी शेजाऱ्याकडं बघून मान हलवली. "सांगितलेलं ऐकत नाही. अशा मुलींचं पुढं जड जातं."

मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. जगदाळे सर चहाला गेलेले. ते गृहस्थ परत हाक मारणार नव्हते, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. मोठ्या माणसांपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे मी लग्नाच्या बोलणीपासून बघत आलेय. पण उठले. आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी किंचाळले, "संजना!"

ती जागच्या जागी गर्रकन वळली. "ओ, बाई."

मग त्या गृहस्थांना सगळं सांगावं लागलं. मी वाक्यं अर्धवट सोडत होते, पहिल्या हाकेचं आधी सांगितलं आणि रानाचं नंतर. ते हसले. थोरात मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग हिला दोनदा हाक मारायची. त्यात काय अवघड आहे?"

निवड झाली. जगदाळे सरांनी शाळेत पेढे वाटले. आणि संजना मला म्हणाली, "म्या न्हाई जानार."

कारण विचारायची गरजच नव्हती. ती गेली तर वाडीतल्या शेवटच्या घरात आई एकटी, गवताला एकटी, पाण्याला एकटी. थोरात मॅडमचे फोनवर फोन यायला लागले. आईनं संजनाची समजूत काढावी म्हणून मी एका दुपारी वाडीत गेले. संजना तेव्हा वेल्ह्यातच होती, तिच्या मामाकडं राहून सराव करत होती.

अंगण नुकतंच सारवलेलं होतं, अजून ओलं. घराच्या एका बाजूच्या कुडाच्या भिंतीला गोणपाट टांगलं होतं. शेरडांच्या खुंट्यांपैकी एक रिकामी होती. सुरेखाताई दारातच बसल्या होत्या, हातात विळा. मला बघून उठल्या नाहीत.

"एक शेरडी इकली," त्या मी न विचारताच म्हणाल्या.

मी गोणपाट बाजूला केलं. कुड फुटला होता, कारवीच्या काटक्या आतल्या बाजूला वाकलेल्या. माती खरवडलेली. त्या खरवडीत माझी चार बोटं बसली असती. मी गोणपाट परत सोडलं, ते नीट लावलं, दोन्ही टोकं सारखी केली. का केली ते सांगता येणार नाही.

"परवा आलतं," त्या म्हणाल्या. "पाटच्या वक्ताला. मी हितं, कुडाच्या हिकडं. श्वास ऐकू येत हुता, बाई. वनखात्याची मानसं यून गेली, यकटं फिरू नका म्हनली. संजीला बोलू नका. शेजारनींना बी शपथ घातलीया."

"तुम्हाला भीती वाटत नाही का हो?"

"वाटती. लई भ्या वाटतंय. ह्यो इळा बगा, निजताना बी सुटत न्हाई." त्यांनी विळा वर करून दाखवला. "पन ती हितं राहिली तर शेवटी तीच चालनार. पाचवीपासून चालती. आय मी हाय का ती? मला किती दिस फुडं घालनार ती? जाऊ द्या तिला. तिला म्हनावं, आई लई निवांत हाय."

समजूत घालायला मी गेले होते. मी तिथं बसून रडले, आणि त्यांनीच मला चहा करून दिला.

संजनाला मी काय सांगितलं? आई निवांत आहे, असं सांगितलं. वाडीतल्या बायका आता गवताला मिळून जाणार आहेत, असं सांगितलं, आणि ते खरंही होतं. ती ऐकून घेत होती आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. मिळून गेल्या तरी शेवटी कुणीतरी असतंच, हे तिला मी शिकवायची गरज नव्हती.

जायच्या दिवशी वेल्ह्याच्या स्टँडवर आम्ही तिघी. जगदाळे सर तिकिटाचं बघत होते. सुरेखाताईंनी भाकरी बांधून दिली, नाचणीच्या, लसणाची चटणी. गाडी लागली. संजना अर्थातच सगळ्यात शेवटी चढायला थांबली. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "शेरडी इकली म्हनती आई."

"हो. विकली."

"बाजाराच्या आदी कोन इकतं, बाई?"

"घरी येऊन घेतली असेल कुणी."

"काल घरी गेलते, अंगान बी सारवलेलं. सनवार नसताना."

मी म्हटलं, "असं कसं. घर म्हटलं की सारवणं आलंच."

तिनं माझ्याकडं बघितलं. या मुलीला काही लपवता येत नाही हे मला माहीत होतं, आणि मला लपवता येत नाही हे तिलाही. तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता ही पिशवी खाली ठेवणार. ती एवढंच म्हणाली, "आईला शेवटी चालू देऊ नका."

"नाही देणार," मी म्हटलं. कुठल्या जोरावर म्हटलं देव जाणे.

ती चढली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, म्हणून सुरेखाताईंनी तोंडात पदर धरून ठेवला होता. गाडी हलली. खिडकीतून संजनाची मान वळली, जशी रोज वळायची तशी. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि मी, का कोण जाणे, एक पाऊल मागं सरले आणि सुरेखाताईंच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले. तिनं ते पाहिलं. मग मान पुढं केली. गाडी वळणावर गेली तरी परत मागं बघितलं नाही. मीच बघितलं. मागं रसवंतीचं बंद दुकान होतं, बाकी कुणी नाही.

संजनाला प्रत्यक्ष पाहिलं ते तेवढंच शेवटचं. आता दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी वाडीत जाते. जाताना-येताना वाडीतल्या दोघी-तिघी फाट्यापर्यंत सोबत असतात. सुरेखाताईंकडं साधा फोन, त्यात फोटो दिसत नाहीत, म्हणून माझ्या मोबाईलवर संजनाचे सामने दाखवायचे, निरोप वाचून दाखवायचे. मान अजून तशीच फिरते. टीव्हीवाले त्याला काहीतरी इंग्रजी नाव देतात.

मागच्या महिन्यात ऑस्ट्रियाहून फोटो आला. दौऱ्यावर गेलेत, तिथल्या पोरींशी सामने आहेत. सुट्टीच्या दिवशी सगळा संघ डोंगरावर फिरायला गेलेला. पायवाटेवर निळ्या जाकिटांची एक रांग, सगळ्याजणी कॅमेऱ्याकडं बघून हसताहेत. सगळ्यात शेवटी संजना. तिचं तोंड दिसत नाही, मान मागं वळलेली. तिच्यामागं उंच काळी झाडं. खाली निरोप लिहिलेला, "हितं बी डोंगर हायेत बाई. जनावर न्हाई म्हनत्यात."

सुरेखाताईंनी मोबाईल हातात घेतला. पुढच्या पोरींकडं त्यांनी बघितलंच नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, संजनाच्या पाठीवर आणला, आणि मग तिच्याही मागं, झाडांच्या काळोखात. आणखी मोठा केला. आता नुसता काळा रंग दिसत होता, त्या तो बघत राहिल्या.

"मागं कोन न्हाई ना, बाई?"

"कुणी नाही हो."

"शेवटी तर तीच हाय." त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "तिला लिवा, मदी चाल म्हनावं. मदीच खेळाय शिकिवलंय न्हवं तिला? मंग मदीच चालायचं. आईनं सांगितलंय म्हनावं."

मी तसं लिहिलं. वाडीत रेंज एका जांभळाखालीच येते, तिथं जाऊन पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं. "मंग शेवटी कोन, बाई?"

मी ते दोनदा वाचलं आणि मोबाईल पर्समध्ये ठेवला.

"काय म्हनली?" सुरेखाताईंनी विचारलं.

"बरं म्हणाली. मधे चालते म्हणाली."

त्यांनी मान हलवली. ऊन उतरायच्या आत खाचरावरून गवताचा एक भारा आणायचा होता. त्यांनी दोरी आणि विळा घेतला. वाट अरुंद, कारवी अजून उंच. मी त्यांना पुढं घातलं आणि मागून चालायला लागले.